पोटातल्याचा वाटा

मी खाटकाची लेक. राधानगरीच्या अलीकडचं एक गाव, वेशीला आमचं दुकान आणि दुकानाच्या मागं घर. बहरीनला आले तेव्हा पहिली तीन-चार वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथल्या मराठी बायकांत कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा इंजिनिअर. वडील काय करायचे असं कुणी विचारलं की मी म्हणायची, छोटा धंदा होता. मग एकदा सहलीला कुणीतरी सोललेला अख्खा बकरा आणून टाकला आणि त्याला सुरी लावायला कुणाचाच हात धजेना. मी पदर खोचला आणि अर्ध्या तासात मांडी, फरा, चाप, सीना सगळं वेगळं करून ठेवलं. झालं, माझं कूळ जगजाहीर झालं. पाठीमागं काय बोलायच्या ते मला माहीत होतं, पण मटण निवडायला दुकानात जाताना मलाच बरोबर न्यायच्या.

आमचे हे सलमाबादला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. लोखंडी जिने, शेड, गेट, असली कामं. त्यांचा मोठा साहेब अमेरिकेतला. तो दर वर्षी नोव्हेंबरात सुट्टीवर घरी जायचा आणि तिकडं हरणाची शिकार करायचा. तिकडं ते रीतसर चालतं, परवाना मिळतो. परत येताना गोठवलेलं मटण थंड पेटीत घालून आणायचा. विमानतळावरून ते कसं बाहेर काढायचा ते त्याचं तो जाणे. अडचण पुढंच होती. जनावर गोळी घालून मारलेलं, म्हणजे हलाल नाही. त्याच्या व्हिलातला बांगलादेशी आचारी हात जोडून बाजूला झाला आणि बाजारातला एकही मटणवाला ते दुकानात घेईना. शेवटी साहेबानं वर्कशॉपमध्ये विचारलं, मटण कापता येणारा हिंदू कुणी आहे का. आमच्या ह्यांची छाती फुगली. म्हणाले, "माय वाइफ, सर. एक्स्पर्ट."

आमची ही खोडच आहे. साहेबानं जमेल का म्हटलं की आधी हो म्हणायचं आणि काम काय ते घरी येऊन सांगायचं. ती पेटी पहिल्यांदा घरात आली तेव्हा मी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं. पण झाकण उघडून बघितलं आणि राग कुठल्या कुठं गेला. गडद लाल मटण, चरबीचा टिपूस नाही, वर पातळ निळसर पापुद्रा. रानातलं मटण मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघत होते. आमच्याकडं शिकार कायद्यानं बंद झाली आणि झाली ते बरंच झालं. पण मी परकरात होते तेव्हा डोंगरातनं कधीमधी रानडुक्कर यायचं, कधी भेकर, आणि वाटे घालायला माझ्या बापाला बोलवणं यायचं.

वाटे घालायची रीत ठरलेली. पळसाची पानं ओळीनं मांडायची, घरटी एक. मटण, हाड, काळीज, प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं पडलं पाहिजे. मारणाऱ्याला मुंडी जास्तीची. रान उठवणाऱ्या कुत्र्यांचासुद्धा वाटा असायचा. आणि ज्या घरात बाई गरवार असेल त्या घराला एक पान जादा. त्याला पोटातल्याचा वाटा म्हणायचे. त्यात मानेचं मटण घालायचं, कारण मान मऊ शिजते आणि मणक्यातला गर बाळाच्या अंगी लागतो असं सगळे मानायचे. शिकार घरात आली आणि शेजारच्या गरवार बाईला दिली नाही तर आपल्याला ती पचत नाही, असं माझा बाप म्हणायचा. एरवी दिवसभर तोंड न उघडणारा माणूस, पण हे दर वेळी म्हणायचा.

पहिली दोन वर्षं साहेब नुसत्या मागच्या मांड्या आणायचा. मी हाडं काढून, पापुद्रा सोलून, निम्म्याचे लांब तुकडे आणि निम्म्याचा खिमा करून द्यायची. हाडं आमची, वर डबाभर खिमा. नळ्यांचा तांबडा रस्सा व्हायचा आणि आमचे हे दोन दिवस मिशीला ताव देत फिरायचे. तिसऱ्या वर्षी मात्र पेटीत मांड्यांबरोबर एक मानही आली, मणक्यासकट. साहेबानं ह्यांना सांगितलं, तुझ्या बायकोसाठी आणलीय, तिला हाडं आवडतात ना. मला तेव्हा ते कौतुक वाटलं. साहेब झाला तरी लक्षात ठेवतो, असं मी चार जणींना सांगितलंसुद्धा. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

त्या वर्षी आमच्या समोरच्या दारात गरवार बाई होती.

ती चिपळूणकडची. नवरा एका कंपनीत ड्रायव्हर. लग्नाला आठ वर्षं झालेली, दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात तिच्याजवळ मीच बसले होते. तिची आई लहानपणीच गेलेली, सासू गुडघ्यांनी अधू. मला वैनी म्हणायची, पण सगळे हट्ट आईकडं करावे तसे. ह्या वेळी पाचवा संपून सहावा लागला होता आणि पोट काही घेत नव्हतं. कोकणातली पोर आणि माशाचा वास आला की उलटी. वरणभात नको, फळं नको. एक दिवस माझ्या घरी बोकडाचं मटण शिजत होतं. दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, ह्याचं नुसतं पाणी द्याल काय हो वाटीभर?"

आमच्या कोल्हापूरकडं रश्श्याला फोडणी द्यायच्या आधी मटण नुसतं हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवतात. त्या पाण्याला अळणी म्हणतात. तिखटाचं नाव नाही, म्हणून लहान पोरं, आजारी माणसं आणि गरवार बायका ह्यांना आधी ते देतात. त्या दिवशी ती दोन वाट्या प्यायली आणि त्या पोटात राहिल्या. तिथनं पुढं आठवड्यातून दोनदा मी तिच्यासाठी अळणी करायला लागले. गालावर जरा मांस दिसायला लागलं तिच्या. नवरा येऊन म्हणायचा, वैनी, तुमचे उपकार कसे फेडू. मी म्हणायची, गप बस रे, उपकार कसले.

तशात ती मान घरात आली. मी तिच्यासाठी राखून ठेवली नसती तरच नवल होतं. गावातली पळसाची पानं नव्हती, पण रीत ती रीत. मी लाकडी ठोकळ्यावर ती मान ठेवली आणि बापाच्या सत्तुरानं तिचे तुकडे केले. हातमोजे कसले घालताय, मटणाला कधी कुणी हातमोजे घातलेत. हाडाचा चुरा उडाला तो पदरानं पुसला. मणक्यातली पांढरी दोरी बाहेर आली होती. ती मी काळजीनं परत तुकड्यांबरोबर पातेल्यात घातली. तेवढ्याचसाठी तर मान करायची असते. निम्मी मान शिजवली, निम्मी फ्रीजरमध्ये ठेवली. तिला सांगितलं, हरणाचं आहे, खास तुझ्या बाळाचा वाटा आहे. तिनं मणकेसुद्धा चोखून खाल्ले आणि म्हणाली, "असलं कधी खाल्लंच नव्हतं मी."

नाताळात वर्कशॉप ढिलं पडतं. साहेब बायकोला घेऊन कुठंतरी फिरायला गेला होता. नव्या वर्षाच्या पहिल्या शुक्रवारी समोरचीचा पाय फार सुजला म्हणून मी बघायला गेले, तर म्हणाली, वैनी, त्या हरणाचं अजून आहे काय. मी उरलेली निम्मी मान काढून शिजवली. दोन दिवस पुरली.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, साहेब आमच्या दारात. साहेब आमच्या घरी आलेला ती पहिली आणि शेवटची वेळ. मागं आमचे हे, मान खाली घालून. साहेबाच्या हातात काळ्या पिशव्यांची गुंडाळी. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाला. म्हणाला, ते मटण थोडं खराब निघालंय, उरलेलं असेल तेवढं दे, मी परत नेतो. मी खिम्याचा एक डबा आणि दोन नळ्या होत्या त्या काढून दिल्या. त्यानं रबरी हातमोजे चढवले आणि एका पिशवीत दुसरी पिशवी घालून ते आत टाकलं. मग ह्यांच्याकडं बघून काहीतरी म्हणाला. ह्यांनी मला सांगितलं, "सुऱ्या पण दे. आणि सत्तूर. आणि तो ठोकळा."

तिथं माझं डोकं सणकलं. मटण खराब होतं हे मला कळतं. माझा जन्म त्यात गेला. पण मटण खराब झालं म्हणून सुरी कुणी टाकत नाही. सुरी धुतात.

मी विचारलं, सुऱ्या कशाला. साहेब हसून म्हणाला, तुला नवा सेट आणून देतो, जर्मन. मी म्हटलं, सेट नको, कशाला ते सांगा. माझं हिंदी आणि त्याचं हिंदी, दोन्ही यथातथाच, पण रागाला भाषा लागत नाही. त्याचा चेहरा उतरला. मग तो सावकाश सांगायला लागला. तिकडं हरणांत एक आजार आलाय, हरीण झिजत जातं आणि मरतं. ह्यानं मारलेल्या हरणाच्या मुंडीतला नमुना तपासायला दिला होता, तिकडं सगळे देतात. त्याचा रिपोर्ट आला, त्यात तो आजार निघाला. काळजीचं काही नाही, माणसाला तो झाल्याचं आजवर कुठं आढळलेलं नाही.

"मग तुम्ही तुमचं टाकलं का?" मी विचारलं.

म्हणाला, बायको घाबरट आहे.

"कधी टाकलं?"

इथं तो फसला. म्हणाला, रिपोर्ट आला त्याच दिवशी, ख्रिसमसच्या आधी.

माझ्या डोळ्यांपुढं तो शुक्रवार आला. ख्रिसमसच्या आधी ह्याच्या घरातलं मटण कचऱ्यात गेलं. त्याच्या देशातल्या ज्या मित्रांना त्यानं ते मटण वाटलं होतं, त्यांना त्याच दिवशी फोन गेले, हे मागाहून ह्यांनीच सांगितलं. ह्यांना कुणी फोन केला नाही. आमची आठवण त्याला सुट्टी संपल्यावर झाली, आणि ती मान त्या मधल्या दिवसांत शिजली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला आणि मराठीत म्हणाले, "गप की जरा. व्हिसा त्याच्या हातात हाय." मी आत गेले. सत्तूर काढून दिला. बापाच्या हातचा सत्तूर, मूठ झिजून बापाच्या पंजासारखी झालेली. साहेबानं तो दोन बोटांत धरून पिशवीत टाकला.

लेक तेव्हा अकरावीत होती, ईसा टाउनच्या शाळेत. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच. ती शाळेतनं आली तशी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, हे काय आहे ते फोनवर काढ आणि मला वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस. ती वाचत गेली. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. जंतू नाही, विषाणू नाही, बिघडलेलं प्रथिन आहे. हरीण वर्षवर्षभर धडधाकट दिसतं, मग बारीक होतं, लाळ गळते, पाय लटपटतात, मान खाली पडते. मेंदूत आणि मणक्यात ते सगळ्यात जास्त असतं. शिजवून मरत नाही. गोठवून मरत नाही. माणसाला होतो असं अजून दिसलेलं नाही, पण आजारी निघालेल्या जनावराचं मटण खाऊ नका, कापताना हातमोजे घाला, मणका कापू नका. मी विचारलं, आणि खाल्लं असेल तर? तिनं बरंच खालीवर केलं. मग पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "आई, त्याचं काही लिहिलेलं नाहीये."

मणका कापू नका. मी त्यातली दोरी वेचून घातली होती.

त्या संध्याकाळी मी समोर जाऊन सांगायला निघाले होते. ह्यांनी वाट अडवली. एरवी ह्यांचं मी ऐकत नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. पण त्या दिवशी ते जे बोलले ते मला खोडता आलं नाही. म्हणाले, "सातवा चाललाय तिला. दोनदा गेलंय. तू जाऊन सांगितलंस आणि भीतीनं काय झालं तर? हरणानं काय होईल न होईल ते देव जाणे, पण तुझ्या सांगण्यानं नक्की होईल." मग म्हणाले, "आणि तिचा नवरा वर्कशॉपवर जाऊन बोंब मारील." पहिलं कारण तिचं होतं आणि दुसरं आमचं. मी स्वतःला पटवलं की मी पहिल्या कारणासाठी थांबले. आज इतक्या वर्षांनीही मला ते नीटसं खरं वाटत नाही.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळेजेवण मीच केलं. दुसरं कोण करणार होतं. हिरवी साडी, मोगऱ्याचे गजरे, झोपाळा नव्हता म्हणून खुर्चीलाच फुलं बांधली. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. कुणीतरी तिला विचारलं, काय गं, कसले डोहाळे लागले. तर सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणाली, "मला कसले डोहाळे, माझं बाळ वैनींच्या अळणीवर वाढलंय." बायकांनी माझ्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी हसले. हसता येतं माणसाला, काहीही झालं तरी. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि भांडी नसताना दहा मिनिटं तिथं उभी राहिले.

त्या दोन महिन्यांत ती मटणाचं पाणी मागायची आणि मी काहीतरी सबब सांगायची. मटण चांगलं मिळालं नाही, माझं डोकं दुखतंय, डॉक्टरनं पथ्य सांगितलंय ना तुला. नवा सत्तूर घरात आला होता, साहेबाचा तो जर्मन सेटही ह्यांनी आणून ठेवला होता. मी कशालाच हात लावला नाही. दुकानातनं कोंबडी कापून आणायची, तीही कधीमधी. तिला वाटलं माझं मन तिच्यावरनं उडालं. एकदा विचारलंसुद्धा, "वैनी, माझं काही चुकलं काय हो?" मी तिच्यावरच ओरडले, काहीतरी वेडंवाकडं बोलू नकोस म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मार्चमध्ये मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, कावीळसुद्धा नाही. आवाज असा की मजला उठायचा. मी तिला पहिली अंघोळ घातली, दीड महिना रोज घालत होते. मांडीवर घेऊन तेल चोळताना पायांची बोटं मोजायची, मान कशी धरते ते बघायची, लाळ किती गळते ते बघायची. लाळ सगळ्याच पोरांची गळते हे मला कळत नव्हतं असं नाही. मी एक पोर वाढवलंय. पण त्या पोरीकडं मी एकदासुद्धा साध्या नजरेनं बघू शकले नाही.

मी एका डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, माझ्याच तब्येतीचं निमित्त काढून. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, जगात कुणाला ह्यानं काही झाल्याचं मी तरी वाचलेलं नाही, तुम्ही निवांत राहा. मी विचारलं, लहान बाळाचं काय. म्हणाल्या, तपासणी अशी नसतेच काही, बघत राहायचं. मी विचारलं, किती वर्षं. त्यांनी खांदे उडवले. निवांत राहा आणि बघत राहा, ह्या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या ते मी त्यांना विचारायला हवं होतं.

दीड महिना झाल्यावर मी सांगितलं. का सांगितलं, असं आमचे हे आजही विचारतात. पोरगी ठणठणीत, आई ठणठणीत, कुणाला काही कळलेलं नाही, आणि साहेब तर बदली होऊन निघूनही चाललेला. पण उद्या त्या पोरीला काही झालं आणि डॉक्टरनं विचारलं, तर तिच्या आईकडं उत्तर असायला नको का? ते उत्तर मी एकटीनं धरून ठेवायचं, हा कुठला न्याय? शिवाय खरं सांगायचं तर मला ते पेलत नव्हतं. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं तर माझं हलकं होईल असंही वाटलं असणार. तेही लिहायला हवं.

सकाळची वेळ होती. नवरा ड्युटीवर गेलेला. पोरीला अंघोळ घालून, शेक देऊन मी तिच्या मांडीवर दिली आणि सगळं सांगितलं. मान, मणका, रिपोर्ट, काळ्या पिशव्या, सत्तूर. कुणाला काही झाल्याचं माहीत नाही, हे मी चार वेळा सांगितलं. ती पोरीला पाजत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. तिनं फक्त विचारलं, "तुमच्या लेकीला दिलं होतंत?"

मी म्हटलं, "नाही."

"का?"

खरं काय होतं ते मी सांगितलं. साहेबानं ह्यांच्या फोनवर पाठवलेला त्या हरणाचा फोटो लेकीनं बघितला होता, तिनं तोंड फिरवलं आणि मी आग्रह केला नाही. आणि मान तर मी मुळातच कुणाला दिली नाही. एक तुकडा ह्यांनी मागितला तर त्यांनाही दिला नाही. सगळी तुझ्यासाठी ठेवली.

"हां," ती म्हणाली. "माझ्यासाठी ठेवलीत."

आम्ही दोघांनी नळ्या खाल्ल्या की, खिमा खाल्ला की, असं मी काहीबाही बोलत राहिले. मी कशाला मुद्दाम देईन, मला काय माहीत होतं. ती ऐकत होती, पण तिनं मला जे विचारायचं होतं ते विचारून झालं होतं. पोरीला खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटत ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी अंघोळीला गेले तर नवऱ्यानं दार उघडलं. तो नेहमीसारखा हसून म्हणाला, वैनी, ती म्हणते आता तिचं ती घालील अंघोळ, तुम्हाला किती त्रास द्यायचा. त्याच्या हसण्यावरनं कळलं की तिनं त्याला काहीच सांगितलेलं नाही.

अजूनही सांगितलेलं नाही. चार वर्षं झाली. तो मला लिफ्टमध्ये भेटला की वैनी वैनी करतो, गणपतीला बोलावतो. मी जात नाही. बायका विचारतात, तुमचं दोघींचं काय झालं, एवढी घसट होती. मी म्हणते, काही नाही, तिला पोरीच्या मागं वेळ मिळत नाही. पोरगी बालवाडीत जाते, बडबडी आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मी जिन्यात दिसले की आई तिला पलीकडच्या हातात धरते, माझ्या बाजूचा हात रिकामा ठेवते.

पण ती येते. वर्षातनं दोन-तीनदा येते, नवरा घरी नसताना. पोरीचा ताप तीन दिवस उतरला नाही की येते. पोरीनं एका महिन्यात खाणं कमी केलं की येते. तिला भीती वाटते आणि ती भीती बोलायला तिला ह्या अख्ख्या बेटावर माझ्याशिवाय माणूस नाही. नवऱ्याला सांगायचं नाही, डॉक्टरला सांगितलं तर नवऱ्याला कळेल. चांगल्या दिवसांत ती माझ्याकडं बघतही नाही. मी तिच्या पावलांचा आवाज ओळखते.

गेल्या महिन्यात आली ती पोरीला कडेवर घेऊन. दारातच उभी. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "कालपासून तीनदा पडली. चालताना पाय वाकडा टाकते." मी पोरीला खाली उभं करायला सांगितलं. पोरगी दोन पावलं चालली, तिसऱ्याला डावा पाय आत वळला. मी तिच्या बुटाकडं बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. शाळेचा बूट दोन बोटं आखूड झाला होता, टाच मागं मुडपली होती. मी म्हटलं, अगं, बूट लहान झालाय तिला, एवढंच आहे. आणि सवयीनं खाली वाकून तिच्या पायाला हात घालायला गेले.

"हात लावू नका," ती म्हणाली. "नुसतं बघा."

आईनं स्वतः तिचे बूट काढले. पोरगी अनवाणी आमच्या दोन दारांमधल्या फरशीवर भिंतीपर्यंत चालत गेली, तिथनं धावत परत आली. आईनं तिला पुन्हा धावायला लावलं, मग पुन्हा. मी दारात उभी राहून बघत होते.